ओलेड स्क्रीनमधला निळा आधी का उतरतो? प्रकाश देणाऱ्या रेणूंची गोष्ट

दोन-तीन वर्षं वापरलेला ओलेड स्क्रीनचा मोबाइल हातात घ्या, एक कोरं पांढरं चित्र उघडा आणि ब्राइटनेस फुल करा. वरच्या कडेला, जिथे घड्याळ आणि बॅटरीचं चिन्ह कायम असतं, तिथे बऱ्याचदा एक फिकट पट्टा दिसेल. खाली कीबोर्डची पुसट सावली. शेजारी नवा फोन ठेवला तर जुन्याचा पांढरा पिवळट वाटेल. आमच्या नशिराबादला स्टँडजवळच्या दुकानात डिस्प्ले बदलायला आलेले असे फोन मी बरेच पाहिलेत. तिथले भाऊ एका वाक्यात निदान करतात, "निळा उतरला."

निदान बरोबर आहे. लाल, हिरवा आणि निळा मिळून पांढरा होतो, आणि त्यातला निळा कमी पडला की उरतो तो पिवळट. पण निळाच का? लाल किंवा हिरवा आधी का उतरत नाही? याचं उत्तर काच, चिप किंवा सॉफ्टवेअरमध्ये नाही. ते रेणूच्या आकारात आहे, आणि गेली पस्तीस-चाळीस वर्षं जगभरचे रसायनशास्त्रज्ञ त्याच्याशी झटतायत.

दिवा किती जाड?

आपल्या घरातला साधा एलईडी बल्ब गॅलियम नायट्राइडसारख्या कडक स्फटिकावर चालतो. ओलेडमध्ये त्या जागी सेंद्रिय रेणू असतात, म्हणजे कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन यांचे. कापडाच्या रंगात किंवा औषधाच्या गोळीत असतात त्याच जातीचे. १९८७ साली ईस्टमन कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅनस्लाइक यांनी असा पहिला कामाचा दिवा करून दाखवला. एका काचेवर दोन सेंद्रिय थर, दोन्ही मिळून जाडी साधारण १३५ नॅनोमीटर. आपला केस याच्या पाचशेपट जाड भरेल. दहा व्होल्टच्या आत तो चांगला लख्ख पेटला.

कामाची पद्धत सोपी आहे. एका बाजूने इलेक्ट्रॉन आत येतात, दुसऱ्या बाजूने 'होल', म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. दोघं मध्ये कुठेतरी एकाच रेणूवर भेटतात. त्या भेटीतून रेणू उत्तेजित होतो आणि परत शांत होताना प्रकाश सोडतो. कोणता रंग, ते उत्तेजित आणि शांत अवस्थेतल्या ऊर्जेच्या फरकावर ठरतं. लालसाठी साधारण २ इलेक्ट्रॉन व्होल्ट, हिरव्यासाठी २.४, निळ्यासाठी २.७. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

चारातले तीन वाया

इथे निसर्गाने एक खोडी करून ठेवली आहे. इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा गुण असतो. इलेक्ट्रॉन आणि होल भेटतात तेव्हा त्यांच्या स्पिनच्या चार प्रकारे जोड्या जमू शकतात. त्यातला एकच प्रकार 'सिंगलेट', बाकी तिन्ही 'ट्रिपलेट'. साध्या सेंद्रिय रेणूत सिंगलेट लगेच, काही अब्जांश सेकंदात, प्रकाश देऊन मोकळी होते. ट्रिपलेटला प्रकाश देऊन खाली उतरायची परवानगीच नसते. ती तशीच अडकून बसते आणि शेवटी ऊर्जा उष्णतेत घालवते.

म्हणजे आपण १०० युनिट वीज दिली तर ७५ इथेच गेली. उरलेल्या २५ मधलाही बराचसा प्रकाश काचेच्या आतल्या आत परावर्तित होत राहतो, बाहेर येतो तो सुमारे पाचवा हिस्सा. २५ चा पाचवा हिस्सा ५. जुन्या पद्धतीच्या ओलेडची कार्यक्षमता पाच टक्क्यांच्या आसपास अडकली ती या साध्या गुणाकारामुळे. बाहेर काढण्याचं काम काचेवरची भिंगं वगैरे लावून थोडं सुधारता येतं, पण ते ७५ वाचवायचे असतील तर रेणूच बदलावा लागतो.

पहिला तोडगा निघाला १९९८ मध्ये, प्रिन्स्टनचे स्टीफन फॉरेस्ट आणि सदर्न कॅलिफोर्नियाचे मार्क थॉम्पसन यांच्या गटांकडून. रेणूच्या मध्यभागी एक जड धातू बसवा, आधी प्लॅटिनम, नंतर इरिडियम. जड अणूजवळ इलेक्ट्रॉनचं स्पिन आणि त्याचं फिरणं एकमेकांत गुंततं, ट्रिपलेटवरची बंदी सैल होते आणि चारही जोड्या प्रकाश देतात. आज तुमच्या फोनमधले लाल आणि हिरवे ठिपके साधारण याच तत्त्वावर चालतात. अडचण एवढीच की इरिडियम वर्षाला जगभर दहा टनांच्याही आत निघतं. आणि निळ्यात हे रेणू फार टिकत नाहीत, म्हणून निळा अजून बहुतेक फोनमध्ये जुन्याच, धातू नसलेल्या पद्धतीचा आहे. त्यात दोन ट्रिपलेट एकमेकींवर आदळून एक सिंगलेट तयार होण्याची युक्ती वापरतात. हिशोब करा: २५ अधिक ७५ चे निम्मे, जास्तीत जास्त ६२.५. तेही कागदावर.

नागपूरचा लाल

महाराष्ट्रात या विषयावर काम कुठे झालं असं कोणी विचारलं तर मी आधी नागपूरचं नाव घेतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातले संजय ढोबळे आणि नागपूरच्याच लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेतल्या एन. थेजो कल्याणी यांनी ओलेडसाठी युरोपियमचे संयुग बरेच अभ्यासले, आणि २०१७ मध्ये हेंड्रिक स्वार्ट यांच्यासोबत ओलेडवर एक अख्खं पुस्तकही लिहिलं.

युरोपियमची युक्ती वेगळी आणि फार देखणी आहे. युरोपियमचा आयन ६१२ नॅनोमीटरच्या आसपास अगदी नेमका, शुद्ध लाल देतो. पण स्वतः ऊर्जा शोषून घ्यायला तो आळशी. म्हणून त्याच्याभोवती सेंद्रिय रेणूंचं कडं बांधतात, छतावरच्या अँटेनासारखं. इलेक्ट्रॉन आणि होल या अँटेनावर भेटतात, सिंगलेट ट्रिपलेटमध्ये उतरते आणि ट्रिपलेटची ऊर्जा युरोपियमला मिळते. म्हणजे जी ट्रिपलेट सगळीकडे नकोशी, तीच इथे वाहक.

इथे रेणूची रचना म्हणजे पातळी जमवणं. युरोपियमची प्रकाश देणारी पातळी २.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जरा वर आहे. अँटेनाची ट्रिपलेट त्याहून वर हवी, पण थोडीच. फार जवळ असली तर ऊर्जा उलटी परत जाते, फार वर असली तर नीट पोचत नाही. थेनॉइल-ट्रायफ्लुओरो-ॲसिटोन नावाचा रेणू नेमका त्या जागी, सुमारे २.५ वर बसतो, आणि त्याच्या जोडीला फेनॅन्थ्रोलीन. म्हणून युरोपियमवरच्या कामात ही जोडी सारखी भेटते.

मग आपल्या फोनमध्ये युरोपियम का नाही? हा आयन प्रकाश सोडायला काही शे मायक्रोसेकंद घेतो. करंट वाढवला की आधीचे अजून मोकळे झालेले नसतात आणि नवे येऊन ठेपतात, मग गर्दीत ऊर्जा वाया जाते. शिवाय निर्वात कक्षात तापवून थर चढवताना यातली बरीच संयुगं फुटतात. रंग सोन्यासारखा, पण घडणावळ महाग, असं जळगावच्या भाषेत म्हणता येईल.

धातूशिवाय चारही वसूल

२०१२ साली जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या चिहाया अडाची यांच्या गटाने धातू पूर्ण काढून टाकला. त्यांची कल्पना अशी. ट्रिपलेट सहसा सिंगलेटच्या खाली असते. साध्या रेणूत हे अंतर मोठं असतं, अँथ्रासीनमध्ये तर सुमारे दीड इलेक्ट्रॉन व्होल्ट. पण ते अंतर एखाद्या पायरीएवढं केलं, तर खोलीच्या साध्या उष्णतेनेच ट्रिपलेट वर चढून सिंगलेट होईल आणि प्रकाश देईल. खोलीच्या तापमानाला उष्णता अशी ०.०२६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असते. पायरी त्याच्या तीन-चार पटीत असली तरी चालतं, कारण ट्रिपलेट वाट बघत बसायला तयार असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून या प्रकाराला टीएडीएफ म्हणतात.

पायरी लहान कशी करायची? ट्रिपलेट आणि सिंगलेटमधलं अंतर हे इलेक्ट्रॉन आणि होल एकाच जागी किती दाटीने बसलेत यावर अवलंबून असतं. दोघांना रेणूच्या वेगवेगळ्या भागांत बसवलं की अंतर घटतं. म्हणून रेणूचा एक भाग इलेक्ट्रॉन देणारा ठेवायचा, दुसरा घेणारा, आणि दोघांना एकमेकांशी काटकोनाच्या जवळपास वळवायचं.

अडाचींचा गाजलेला रेणू, फोर-सीझेड-आयपीएन, बघा. मध्ये बेंझिनची एक कडी, तिच्यावर दोन सायनो गट, ते घेणारे. उरलेल्या चारही जागांवर कार्बाझोल, ते देणारे. कार्बाझोल म्हणजे १८७२ मध्ये कोळशाच्या डांबरात सापडलेला जुना रेणू. आता चार थोराड कार्बाझोल एका छोट्या कडीभोवती सपाट बसूच शकत नाहीत. जळगाव-भुसावळ एसटीत तिघांच्या सीटवर चौथा बसला की सगळे कसे तिरके होतात, तसं होतं. प्रत्येक कार्बाझोल कडीच्या पातळीतून वळतो आणि देणारा-घेणारा वेगळे पडतात. पायरी आली ०.०८३ इलेक्ट्रॉन व्होल्टवर. हिरव्या दिव्याची बाह्य कार्यक्षमता १९ टक्क्यांच्या वर गेली. कुठे पाच, कुठे एकोणीस, आणि इरिडियमचा कणही नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण इलेक्ट्रॉन आणि होल जितके दूर, तितकं त्यांना परत भेटून प्रकाश देणं कठीण. पूर्ण काटकोन केला तर पायरी जवळपास शून्य होते आणि प्रकाशही जवळपास शून्य. म्हणजे रचना करणाऱ्याला एकाच वेळी दोघांना लांबही ठेवायचं आहे आणि जवळही. माझ्या मते या क्षेत्राची सगळी मजा आणि सगळी डोकेदुखी या एका वाक्यात आहे. बाकी हजारो शोधनिबंध म्हणजे ही तडजोड कुठे करायची याची वेगवेगळी उत्तरं.

आता निळा

वरचे आकडे आठवा. निळ्यासाठी २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. सेंद्रिय रेणूतले कमकुवत बंध, उदाहरणार्थ कार्बन-नायट्रोजनचे काही बंध, उत्तेजित किंवा विद्युतभारित अवस्थेत तीन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासच तुटू शकतात. म्हणजे निळा रेणू प्रत्येक वेळी पेटताना स्वतःच्या मोडण्याच्या सीमेजवळ उभा असतो. लाल रेणू २ वर निवांत असतो. त्यात दोन निळ्या ट्रिपलेट जवळ आल्या आणि एकीने दुसरीला आपली ऊर्जा दिली, तर एका रेणूत पाचच्या वर गोळा होतात. मग बंध तुटतो. तुटलेला तुकडा स्वतः प्रकाश देत नाहीच, शेजाऱ्यांची ऊर्जाही गिळतो. एक रेणू गेला की आसपासचे कितीतरी बिनकामाचे होतात.

यावर फोन कंपन्यांनी केलेली सोय साधी आहे. अनेक फोनमध्ये निळा ठिपका लाल-हिरव्यापेक्षा मोठा ठेवतात, म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी त्यावर कमी ताण. दुकानातल्या भिंगाखाली हे सरळ दिसतं.

रेणूच्या बाजूने उत्तर हवं असेल तर ट्रिपलेट अवस्था जास्त वेळ राहूच द्यायची नाही, ती लवकर मोकळी करायची. इथे २०१६ मध्ये ताकुजी हाताकेयामा यांनी वेगळीच वाट काढली. देणारा एकीकडे आणि घेणारा दुसरीकडे असं करण्याऐवजी त्यांनी सपाट, कडक रेणूत बोरॉन आणि नायट्रोजन असे पेरले की इलेक्ट्रॉनला आवडणारे अणू आणि होलला आवडणारे अणू एकाआड एक येतात. शेजारी आहेत, तरी एकाच जागी नाहीत. लांबही, जवळही! रेणू कडक असल्यामुळे तो थरथरत नाही आणि रंगाचा पट्टाही अरुंद होतो, सुमारे ३० नॅनोमीटर. या जातीचं नाव डाबना. २०१९ चा न्यू-डाबना १८ नॅनोमीटरवर आला आणि त्याची बाह्य कार्यक्षमता ३४ टक्क्यांच्या वर गेली. वर म्हटलेला पाचवा हिस्सा इथे ओलांडला, कारण सपाट रेणू थरात आडवे पडतात आणि प्रकाश समोरच्या दिशेला जास्त जातो.

आयुष्याचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेने निळ्याचा इरिडियमच्या जातीचा थर आणि जुन्या पद्धतीचा थर एकावर एक ठेवून पॅनल बनवल्याचं जाहीर केलं. दोन्हींची सांगड घालावी लागते, यावरूनच अडचण किती चिवट आहे ते कळतं.

खानदेशी ऊन आणि रेणू

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन त्याहून कितीतरी जास्त तापतो. याचा रेणूंशी थेट संबंध आहे.

ओलेडचे थर काचेसारखे असतात, म्हणजे रेणू अस्ताव्यस्त पण जागच्या जागी गोठलेले. ठरावीक तापमानाच्या वर ते हलायला लागतात, रांगेत बसून स्फटिक होतात आणि थराला भोकं पडतात. होल वाहून नेणारा सुरुवातीच्या काळातला टीपीडी नावाचा रेणू ६५ अंशांच्या आसपासच सैल पडायचा. जळगावच्या उन्हात तो टिकलाच नसता. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या टोकाची छोटी कडी काढून जोडकडी, नॅफ्थिल, लावली. नवा रेणू एनपीबी, आणि सीमा गेली ९५ अंशांच्या पुढे. एवढ्याशा बदलाने तीस अंश! त्यानंतर चांदणीसारखे फाटे असलेले, किंवा दोन सपाट भाग एका अणूवर काटकोनात जोडलेले 'स्पायरो' रेणू आले. अवघड, वेडावाकडा आकार असला की रेणूंना रांगेत बसता येत नाही, आणि इथे तेच हवं असतं.

गंमत अशी की टीएडीएफला थोडी उष्णता आवडते. ०.०८३ ची पायरी धरून हिशोब केला तर २५ अंशांवरून ४६ अंशांवर गेल्यावर ट्रिपलेट वर चढण्याचा वेग सुमारे वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढतो. पण त्याच उष्णतेत बंध तुटण्याचा आणि थर बिघडण्याचा वेगही वाढतो. म्हणून फोन सावलीत ठेवा, हा आईचा सल्ला कायम.

लॅपटॉपवर रेणू

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात किंवा आसपासच्या कॉलेजात रसायनशास्त्राची एमएस्सी करणारे वाचक मला विचारतात, यात आपण काय करू शकतो? निर्वात कक्ष, शुद्ध हवेची पेटी ही यंत्रं सगळीकडे नसतात. पण रेणूची पहिली चाळणी आता संगणकावर होते. ओर्का हे क्वांटम रसायनाचं सॉफ्टवेअर शिक्षणासाठी फुकट मिळतं, आरडीकिट आणि एक्सटीबी तर सगळ्यांनाच फुकट. फोर-सीझेड-आयपीएनमध्ये ९४ अणू आहेत, चांगल्या लॅपटॉपवर त्याचा ढोबळ हिशोब रात्रभर लावून ठेवता येतो.

२०१६ मध्ये अॅलन अस्पुरू-गुझिक यांच्या हार्वर्डमधल्या गटाने आणि सहकाऱ्यांनी अशीच १६ लाख रेणूंची यादी बनवली, त्यातल्या चार लाखांवरचे हिशोब केले, मोजके निवडून प्रयोगशाळेत बनवले आणि २२ टक्क्यांपर्यंत पोचले.

एक सावधगिरी. नेहमीची टीडी-डीएफटी पद्धत देणारा-घेणारा रेणूत ऊर्जा कमी दाखवते, आणि डाबनाच्या जातीत पायरी आहे त्यापेक्षा मोठी दाखवते. बीथ्रीएलवायपी लावून आलेला आकडा तसाच प्रबंधात टाकू नका. ज्या रेणूचं मोजमाप आधीच छापून आलंय तो आधी करून बघा, फरक किती येतो ते टिपा, मग नव्या रेणूला हात घाला. एडीसी-२ सारख्या महागड्या पद्धती मोजक्या रेणूंसाठी राखून ठेवा.

ही सावधगिरी किती महत्त्वाची आहे ते २०२२ मध्ये दिसलं. जपानच्या रिकेन संस्थेतल्या नाओया आयझावा आणि सहकाऱ्यांनी हेप्टाझीन नावाच्या त्रिकोणी सांगाड्याचे ३४,५९६ रेणू संगणकावर चाळले. शोध होता उलट्या पायरीचा, म्हणजे सिंगलेट ट्रिपलेटच्या खाली. पाठ्यपुस्तकाप्रमाणे असं होत नाही, आणि साधी टीडी-डीएफटी ते दाखवूही शकत नाही. त्यांना असा रेणू मिळाला, त्यांनी तो बनवला, मोजला. पायरी उणे ०.०११ इलेक्ट्रॉन व्होल्ट. ट्रिपलेटला वर चढायचंच नाही, ती घरंगळत सिंगलेटमध्ये येते. आणि त्याचा रंग निळा आहे.